आधी टाका, मग कापड: निसर्गाची चित्रगोधडी कशी करावी

कपाटात जुन्या सुती साड्या आहेत, धावदोरा घालता येतो आणि एखादं झाड, कडा किंवा किनारा मनात घर करून बसला आहे, एवढं भांडवल असलं की भिंतीवर लावायची गोधडी सुरू करता येते. अडतं ते पुढे. बहुतेकजणी आधी दुकानातून फुलाफुलांचं कापड आणतात, त्यातून फुलाचा आकार कापतात, तो पाठीमागच्या कापडावर बसवतात आणि सगळं झाल्यावर उरलेलं काम म्हणून कडेकडेनं टाके घालतात. फूल दिसतं खरं, पण ते कुठलंही फूल असू शकतं. इथे उलटा क्रम सुचवला आहे. आधी त्या झाडाची वाढ कुठल्या दिशेनं जाते ते बघा, त्यावरून टाक्याची दिशा ठरवा, आणि कापड सगळ्यात शेवटी निवडा.

परदेशात अशा कामाला आर्ट क्विल्ट म्हणतात. पांघरायचं ओझं तिच्यावर नसतं. ती धुवून धुवून टिकायला हवी असं नाही, चौकोनी असायला हवी असंही नाही. अट एवढीच, की थर असावेत आणि ते टाक्यांनी बांधलेले असावेत.

टाका नेमकं काय करतो

गोधडीला तीन थर असतात: वरचं कापड, मधलं भरण आणि मागचं अस्तर. टाका जिथून जातो तिथे कापड दबतं आणि दोन ओळींमधला भाग फुगून वर येतो. खिडकीतून तिरका उजेड आला की त्या खाचांमध्ये सावली धरते. चित्रकाराला ही सावली रंगवावी लागते, गोधडी शिवणारीला ती आयती मिळते. मात्र टाक्यांची दिशा चुकली तर हीच सावली आकार मोडून टाकते. पानावर आडव्या समांतर ओळी घातल्या तर ते पान राहत नाही, पानाच्या आकाराचं ठिगळ होतं.

आपल्या घरच्या गोधड्यांमध्ये धावदोरा बहुतेक वेळा कडेपासून निघतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत पोचतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही काम कडेकडून आत सरकतं, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ बसल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालच्या नक्षी कांथ्यात मधल्या कमळाभोवती धावदोरा त्याच्याच आकाराची आवर्तनं घेत जातो आणि मोकळ्या कापडावर बारीक तरंग उठतात. तिन्हीकडे टाका साधाच, धावदोऱ्याचा. फरक पडतो तो त्याच्या वाटेमुळे.

तेव्हा पहिला नियम असा: वस्तू जशी वाढते, वाहते किंवा झिजते, तशी टाक्याची ओळ जावी. सागाच्या खोडाची साल उभी भेगाळते, तिथे उभे, तुटक टाके. उंबराला फळं खोडालाच लगडतात, तिथे खोडाच्या ओळी फळापाशी फाकून पुन्हा जुळतात. भरती ओसरल्यावर वाळूवर उठलेल्या वळ्या एकमेकींना समांतर असतात, पण मध्येच एखादी दुभागते. ते दुभागणं टाक्यात आलं की किनारा ओळखू येतो.

सह्याद्रीचा कडा घेतला तर हे फार छान कळतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि हे डोंगर बनले. कठीण थर उभ्या भिंतीसारखा तुटतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात; दोन कड्यांच्या मधला मऊ थर झिजून उतरता टप्पा होतो आणि त्यावर गवत, कारवी वाढते. संपूर्ण डोंगर एकाच करड्या कापडाचा ठेवा. कड्याच्या पट्ट्यात दाट, उभे, कमी-जास्त लांबीचे टाके घाला. टप्प्याच्या पट्ट्यात थोडे विरळ, उताराच्या कलानं जाणारे आडवे टाके घाला. कापड न बदलता कडा आणि टप्पा वेगळे दिसू लागतात.

ज्यांनी आधी पाहिलं, मग शिवलं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहणाऱ्या एलेन हार्डिंग बेकर यांनी लोकरी कापडाची एक मोठी गोधडी केली. तिच्यावर १८७६ हे साल भरलेलं आहे आणि विषय आहे सूर्यमाला: मध्यभागी सूर्य, भोवती ग्रहांच्या कक्षा, त्यांचे चंद्र, कोपऱ्यातून येणारा धूमकेतू. आसपासच्या गावांत खगोलशास्त्रावर व्याख्यान देताना त्या ही गोधडी लोकांपुढे टांगत. ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. तिच्यात सजावटीचं फूल एकही नाही. बाईंना जे माहीत होतं तेच कक्षांच्या गोल ओळींमध्ये मांडलेलं आहे.

जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन चित्रगोधड्या टिकून आहेत. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात असलेल्या गोधडीच्या पंधरा चौकटींमध्ये बायबलच्या कथांच्या बरोबरीनं आभाळातल्या घटना आहेत: १७८० साली भरदिवसा पडलेला अंधार आणि १८३३ च्या नोव्हेंबरमधला उल्कापात. पॉवर्स जन्मल्या १८३७ साली. म्हणजे दोन्ही गोष्टी त्यांनी कानांनी ऐकल्या आणि हातांनी मांडल्या.

पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. १९७९ साली ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी, एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं. रूथ मॅकडॉवेल यांच्यासारख्या कलावतींनी पानाफुलांचे तुकडे पाडून, चौकटीची आणि पट्ट्यांची कापडं त्यांत बेधडक वापरून निसर्गाची गोधडी हा स्वतंत्र प्रकारच उभा केला. यांची नक्कल करू नका. त्यांनी आपापल्या परिसरात जे पाहिलं ते शिवलं. तुम्ही तुमच्या परिसरातलं शिवा.

विषय: एकच, आणि जवळचा

पहिल्या कामासाठी पठारभर फुलं, मावळता सूर्य आणि उडते बगळे एकत्र नकोत. रोज जाता-येता दिसतं असं एक झाड किंवा एक फांदी निवडा. उदाहरण म्हणून इथे ताम्हण घेऊ. हे महाराष्ट्राचं राज्यफूल, शहरांच्या रस्त्याकडेला भरपूर लावलेलं, आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास ऐन बहरात असतं.

झाडाखाली वही घेऊन बसा. सुंदर चित्र काढायचं दडपण घेऊ नका, फक्त वाढीच्या रेषा टिपा. ताम्हणाकडे नीट पाहिलं तर काय दिसतं? फुलांचा तुरा फांदीच्या टोकाला उभा असतो. खालची फुलं आधी उमलतात, शेंड्याकडे कळ्या असतात. ताजं फूल जांभळं. जुनं होत जातं तसं गुलाबीसर, फिकं पडतं. त्यामुळे एकाच तुऱ्यात रंगाची उतरंड लागलेली असते: खाली विटका, वर गडद. पाकळ्या बहुधा सहा. प्रत्येक पाकळी देठापाशी अगदी अरुंद, पुढे रुंद, आणि कडा चुरगळलेल्या. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. फुलाखालच्या पेल्यावर उभ्या खाचा. पानाची मधली शीर ठळक, बाजूच्या शिरा कडेपर्यंत जाऊन वर वळतात. आणि याच फांदीवर गेल्या वर्षीची तपकिरी, फुटलेली लाकडी बोंडं अजून लोंबत असतात.

यातल्या तीनच गोष्टी गोधडीत घ्या. रंगाची उतरंड, चुरगळलेली कडा आणि जुनी बोंडं. बाकीचं सोडून द्या. जांभळं फूल शंभर झाडांना येतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जाणत्याला ताम्हण लांबूनही ओळखू येतो.

फोटो स्वतः काढा. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून काम केलं आणि पुढे प्रदर्शनात ठेवलं किंवा विकलं, तर हक्काचा प्रश्न उभा राहतो. कास पठार किंवा सड्यांवरची फुलं विषय असतील तर वाटेवरूनच पाहा, तोडून आणू नका. गोधडीला फुलाची गरज नसते, तुमच्या टिपणाची असते.

आराखडा

पहिल्या कामाला १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच हे माप सोयीचं. मांडीवर मावतं, आणि टाक्यांचा परिणाम दिसण्याइतकं मोठंही आहे. टाके घातले की कापड आक्रसतं, म्हणून वरचं कापड चारी बाजूंनी दोन दोन इंच जास्त, म्हणजे २२ बाय २८ इंच कापा. भरण आणि अस्तर त्याहून इंचभर मोठं ठेवा.

चार्ट पेपरवर पूर्ण मापाचं रेखाटन करा. तुरा मधोमध नको, थोडा डावीकडे घ्या आणि फांदी खालच्या उजव्या कोपऱ्यातून येऊ द्या. आता महत्त्वाचं: पाकळ्या-पानांच्या बाह्यरेषा पेन्सिलनं, आणि टाक्यांच्या ओळी लाल पेननं काढा. मागच्या मोकळ्या जागेतही लाल ओळी काढा. उन्हाळी दुपारचं स्थिर आभाळ हवं असेल तर दूरदूर आडव्या ओळी. वळवाच्या आधीचा वारा हवा असेल तर फांदीला वळसा घालून जाणाऱ्या ओळी. लाल ओळींचा कागद भिंतीवर लावून चार पावलं मागे जा. नुसत्या लाल ओळींवरून झाड कळत असेल तर आराखडा जमला. कळत नसेल तर कापडाला अजून हात लावू नका.

कापड निवडताना

रंगापेक्षा फिका-गडदपणा जास्त महत्त्वाचा. निवडलेले सगळे तुकडे ओळीनं मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. जांभळा आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसतात, पण फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे आले तर गोधडीतही फूल पानात हरवून जाईल. एक तरी तुकडा अगदी फिका आणि एक अगदी गडद असायलाच हवा.

ताम्हणासाठी विटलेली जांभळी सुती साडी म्हणजे घबाडच. घडीच्या आत राहिलेला भाग गडद, बाहेर आलेला फिका, आणि उलटी बाजू बऱ्याचदा आणखी फिकी. एकाच साडीतून पाच-सहा छटा निघतात आणि त्या एकमेकींशी जुळतातही, कारण मूळ रंग एकच असतो. पुंकेसरांसाठी पिवळं कापड शोधू नका, ते काम दोऱ्याचं आहे. बोंडांसाठी तपकिरी खणाचा तुकडा चांगला. त्याचं विणकाम बोंडाच्या खरखरीत सालीला शोभतं. पाठीला मांजरपाट किंवा फिकट राखाडी मलमल घ्या. छापील फुलांचं कापड टाळा. ठिपक्यांचं, रेघांचं, बारीक चौकटीचं कापड मात्र सालीला, खडकाला, पाण्याला फार उपयोगी पडतं.

जुन्या कापडाच्या तीन परीक्षा घ्या. एक, दोन्ही हातांनी उभं आणि आडवं ताणा. करकर आवाज करून फाटलं तर ते वरच्या थराला नको, भरणात घाला. दोन, ओलं करून पांढऱ्या फडक्यात ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर ते कापड फिक्या तुकड्याशेजारी ठेवू नका. तीन, कोपऱ्यातून एक धागा काढून जाळा. तो वितळून गोळी झाली तर त्यात कृत्रिम धागा आहे आणि गरम इस्त्री त्याला चालणार नाही. नवं कापड असेल तर आधी धुवा, खळ निघून जाऊ द्या.

मधल्या भरणासाठी दुकानात सुती बॅटिंग मिळतं. नाहीतर मऊ झालेल्या धोतराचे दोन-तीन थर घ्या. हातानं शिवायला हेच सोपं जातं, सुई अडत नाही. पॉलिएस्टरचं फुगीर वाडिंग घेतलं तर उठाव जास्त येतो, पण बारीक टाके त्यात बुडतात.

हवा तो रंग घरीच करायचा असेल तर

डाळिंबाची साल आणि हिराकस यांतून पानाखोडाचे सुंदर मळकट हिरवे-करडे रंग मिळतात. २०० ग्रॅम सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करा. ३० ते ४० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजू द्या. सकाळी नुसतं पिळा, धुऊ नका. मग कोमट पाण्यात ३० ग्रॅम तुरटी विरघळवून काही तास त्यात बुडवून ठेवा. कापडाच्या वजनाइतकी वाळलेली डाळिंबाची साल तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर हलवत राहा. पिवळा रंग चढेल. अर्धं कापड बाजूला काढा आणि उरलेलं दोन ग्रॅम हिराकस घातलेल्या पाण्यातून काही मिनिटं फिरवा. ते शेवाळी करडं होईल. हिराकस जास्त झाला तर काही वर्षांत कापड ठिसूळ होतं, तेव्हा अंदाजानं ओतू नका. हळदीचा रंग मोहक असला तरी उजेडात झपाट्यानं उडतो. भिंतीवरच्या कामाला तो नको. रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरू नका आणि खिडकी उघडी ठेवून काम करा.

थर जोडणं आणि तुकडे बसवणं

अस्तर उलटं पसरून चारी कडा चिकटपट्टीनं जमिनीला ताणून लावा. त्यावर भरण, त्यावर वरचं कापड. मध्यापासून बाहेरच्या दिशेनं हातानं पसरून सुरकुत्या काढा आणि मध्यापासूनच चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली की सगळा ढिलेपणा मधे गोळा होतो आणि तो नंतर निघत नाही.

आता तुकडे. मागचं आधी, पुढचं नंतर: फांदी, पानं, बोंडं, मग फुलं. पानांच्या कडा पाव इंच आत दुमडून तुरपाई करा, म्हणजे ती भरीव दिसतात. बोंडांच्या कडा न दुमडता मोकळ्या ठेवा. थोडे धागे सुटले तरी वाळलेल्या बोंडाला ते शोभतातच.

पाकळीवर जरा वेळ द्या, कारण ताम्हणाचं ताम्हणपण तिथेच आहे. पाकळीचा कागदी नमुना हव्या त्या रुंदीच्या दीडपट रुंद घ्या. मलमल किंवा जुनी पातळ साडी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर ठेवून कापा. तिरकं कापड हलकेच ताणलं जातं आणि त्याचे धागे फारसे सुटत नाहीत. वरच्या गोलाईला, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, एकेरी दोऱ्यानं बारीक धावदोरा घाला. दोरा हळूच ओढा, चुण्या सगळीकडे सारख्या नको. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. खालचं अरुंद टोक दुमडून मधोमध घट्ट टाचा. पाकळीच्या मध्यभागी देठाकडून वर जाणारे चार-पाच धावदोऱ्याचे टाके तिन्ही थरांतून घ्या आणि कड मोकळी सोडा. तिरक्या उजेडात तिची सावली मागच्या कापडावर पडते. खालच्या फुलांना साडीचा विटका भाग, वर जाताना गडद, शेंड्याला कळ्यांसाठी घट्ट गुंडाळलेले गोल तुकडे. सगळ्या पाकळ्या सारख्या करण्याचा मोह टाळा. झाडावर एखादी नेहमीच दुमडलेली असते, एखादी गळून गेलेली.

टाके घालताना

हातानं शिवायचं तर भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घ्या; दोऱ्याची लांबी हाताच्या कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला तर पीळ पडून गुंततो. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास असावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा यांचं प्रमाण ओळीभर एकसारखं असावं. मग दूरवरच्या वस्तूला टाके लहान आणि जवळच्या वस्तूला मोठे करून अंतर दाखवता येतं.

पानावर आधी मधली शीर उलट्या टिपेनं घाला. मग प्रत्येक बाजूची शीर मधल्या शिरेपासून निघून कडेजवळ वर वळेल अशी धावदोऱ्यानं न्या. फुलाखालच्या पेल्यावर चार-पाच उभे सरळ टाके पुरतात. पुंकेसरांसाठी दोन छटांच्या पिवळ्या दोऱ्यानं गाठीचे टाके घ्या, मध्ये दाट आणि बाहेर विखुरलेले. फांदीवर लांबट, तुटक ओळी. ताम्हणाची साल गुळगुळीत असते आणि पापुद्र्यांनी निघते, म्हणून जाड खोड दाखवणार असाल तर उभ्या भेगांऐवजी वेड्यावाकड्या बंद आकारांच्या ओळी घाला.

शिलाई मशीनवर करायचं असेल तर खालचे दात खाली पाडा आणि डार्निंग फूट लावा. मग कापड पुढे ढकलायचं काम तुमच्या हातांचं असतं आणि सुई पेन्सिलीप्रमाणे कुठेही फिरवता येते. वेग कायम ठेवा आणि हात सावकाश फिरवा. हात घाईनं ओढले की टाके लांबतात आणि सुई मोडते. १४ नंबरची सुई बहुतेक सुती थरांना चालते. आधी उरलेल्या कापडाचा तिन्ही थरांचा एक चौकोन करून त्यावर पान, साल आणि पाणी अशा तीन नमुन्यांचा सराव करा.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती टाक्यांच्या दाटीमुळे. तुऱ्यात खूप टाके आणि पाठीवर जवळजवळ काहीच नाही असं झालं की तुरा आक्रसतो, कडा लाटांसारख्या वर येतात आणि गोधडी भिंतीवर सपाट बसत नाही. म्हणून पाठीवरच्या ओळीही पुरेशा घाला. तरीही थोडी फुगलीच तर कापडांचा रंग पक्का असल्याची खात्री करून गोधडी पाण्याच्या फवाऱ्यानं ओलसर करा, जाड पुठ्ठ्यावर हव्या त्या मापात ताणून टाचण्या लावा आणि पूर्ण वाळू द्या.

शेवट, टांगणी आणि जपणूक

टाके पूर्ण झाल्यावरच गोधडी मापात कापा. गुण्यानं चारी कोपरे काटकोनात आणा. कडेला अडीच इंच रुंद पट्टी दुमडून लावा किंवा जुन्या साडीचा काठ वापरा. काठ भडक असेल तर तोच डोळ्यांत भरेल, म्हणून फांदीच्या रंगाजवळचा निवडा. मागच्या बाजूला वरच्या कडेखाली चार इंच रुंद कापडाची नळी तुरपाई करून लावा. तिच्यात लाकडी पट्टी सरकवली की वजन सगळ्या लांबीवर सारखं विभागलं जातं. कोपऱ्यांना कड्या लावून टांगलं तर काही महिन्यांत मधला भाग झोळ धरतो.

थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. तिरका उजेड देणारी खिडकी बाजूला असेल तर टाक्यांचा उठाव उत्तम दिसतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून गोधडी काढून ठेवा. ठेवताना घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि वरून जुनी सुती साडी लपेटा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी येते. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवता येते, पण ती कापडाला टेकू देऊ नका.

मागच्या बाजूला एक कापडी पट्टी शिवा. तिच्यावर तुमचं नाव, गाव, साल, झाडाचं नाव आणि ते कुठे पाहिलं हे पक्क्या शाईनं किंवा टाक्यानं लिहा. कापडं कुणाच्या साड्यांची आहेत तेही लिहा. घरातल्या पुढच्या माणसाला ही गोधडी कुणाची आणि कसली, हे विचारत बसावं लागणार नाही.

रोज तासभर दिला तर असं एक काम साधारण तीन-चार आठवड्यांत हातावेगळं होतं. दुसऱ्या कामाला नवीन विषय शोधू नका. त्याच ताम्हणाकडे हिवाळ्यात परत जा. तेव्हा फुलं नसतात, पानं लालसर होऊन गळायला आलेली असतात, बोंडं सहा फाकांत उघडलेली असतात आणि फांद्यांचा सांगाडा मोकळा दिसतो. तोच आकार, तेच माप घ्या, पण लाल पेनच्या ओळी नव्यानं काढा. दोन्ही गोधड्या शेजारी लावल्या की कापडाचे रंग बदलल्यानं किती फरक पडला आणि टाक्याची दिशा बदलल्यानं किती, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. तिसऱ्या गोधडीच्या वेळी या लेखाची गरज उरणार नाही.